कातळ, माती आणि अरण्य : सह्याद्रीच्या वनविचारातील एक वाद

महाबळेश्वराहून पाचगणीमार्गे वाईपर्यंतचे अंतर तीस-पस्तीस किलोमीटरांचे आहे. तेवढ्यात वार्षिक पर्जन्यमान सुमारे ६००० मिलिमीटरांवरून १००० मिलिमीटरांच्याही खाली उतरते आणि अंजनी, जांभूळ व पिसा यांच्या सदाहरित रानाची जागा पानझडी झाडोरा व गवत घेते. पाऊस वनाचे स्वरूप ठरवितो, या सिद्धांताला याहून सुबक उदाहरण मिळणे कठीण. परंतु याच सह्याद्रीत या सिद्धांताला अडचणीत आणणारे दुसरे दृश्यही पदोपदी आढळते. पठाराच्या माथ्यावर जांभ्याचा उघडा कातळ पसरलेला असतो, आणि त्याच्या काठाला, जेथे जांभा फुटून भेगांतून माती साचली आहे, तेथे दाट राई उभी असते. दोन्हींवर पडणारा पाऊस एकच. मग हा भेद कशाने झाला? कुऱ्हाडीने, असे एक उत्तर आहे. भूमीनेच, असे दुसरे. यांपैकी कोणते उत्तर केव्हा प्रमाण मानले गेले, हा केवळ शास्त्राच्या इतिहासातील कुतूहलाचा विषय नव्हे. ज्या जमिनीला ‘उजाड झालेले वन’ म्हटले जाते तिच्यावर झाडे लावली जातात, आणि जिला स्वतःचे असे काही नाही असे ठरते ती फोडली जाते.

या वादाचा आरंभ १८४७ या वर्षापासून धरता येतो. त्या वर्षी मुंबई इलाख्यात दोन गोष्टी घडल्या. दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. आणि गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी जमीनमोजणीच्या पद्धतीसंबंधीचा आपला संयुक्त अहवाल सादर केला. महसूल खात्याच्या प्रतबंदीत शेताचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील मातीचा रंग, पोत व खोली पाहिली जाई. खोलीचे माप पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत उतरत जाई, आणि उतार, वाळूचे मिश्रण किंवा पाणी साचणे असे दोष आढळल्यास जमिनीची प्रत खाली येई. म्हणजे भूरूप व मृदा यांवर वनस्पतीचे जीवन अवलंबून असते, हे तत्त्व मोजणी कारकुनाला पुरेपूर ठाऊक होते. मात्र त्याची दृष्टी पिकापुरती होती. जेथे नांगर चालत नाही त्या जागेसाठी त्याच्यापाशी एकच शब्द होता : पोटखराबा.

गिब्सन यांच्यापुढील प्रश्न वेगळा होता. कुमरीची शेती, राबासाठी होणारी फांदीतोड आणि इमारती लाकडाची मागणी यांमुळे सह्याद्रीची राने झपाट्याने मागे हटत होती, आणि उघड्या उतारांवरून वाहून येणाऱ्या मातीने कोकणच्या खाड्या भरत होत्या. अशा काळात उघडी जमीन दिसली की तेथे पूर्वी रान असले पाहिजे, असे वाटणे स्वाभाविकच होते. पुष्कळ ठिकाणी ते खरेही होते. पण त्या निदानाची एकदा सवय जडली, आणि कातळ व तोडलेला उतार यांतील फरक पुसट झाला. वस्तुतः जांभ्याचे वेगळेपण याआधीच नोंदले गेले होते. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याला विटेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले होते. परंतु ते भूविज्ञानाच्या दप्तरात राहिले. वनाधिकाऱ्यांच्या विचारात त्याला स्थान मिळाले नाही.

युरोपात १८९८ साली शिंपर याने हवामानजन्य आणि मृदाजन्य असे वनस्पतिसमुदायांचे दोन वर्ग स्पष्टपणे वेगळे केले. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेतील क्लेमेंट्स याने असे प्रतिपादन केले की, एका हवामानाच्या प्रदेशात पुरेसा काळ लोटल्यावर सर्व समुदाय अखेर एकाच चरम समुदायाकडे जातात. या मतानुसार उघडा कातळ हा वाटेत अडलेला प्रवासी ठरतो. टॅन्सली याने इंग्लंडातून अनेक चरम समुदायांची बाजू मांडली. मृदा किंवा भूरूप यांमुळेही समुदायास स्थैर्य येऊ शकते, असे त्याचे म्हणणे होते.

भारतातील वनांची पद्धतशीर मांडणी चॅम्पियन यांनी १९३६ साली केली, व सेठ यांच्यासह तिची सुधारित आवृत्ती १९६८ साली सिद्ध केली. तीत सोळा प्रमुख गट आहेत, आणि त्यांचा पाया तापमान व पाऊस हाच आहे. चॅम्पियन यांना मातीचे महत्त्व कळत नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या संकेतचिन्हांत हवामानजन्य चरम समुदायासाठी ‘सी’, मृदाजन्य समुदायासाठी ‘ई’ आणि ऱ्हासावस्थेसाठी ‘डीएस’ ही अक्षरे आहेतच. तथापि पद्धतीतच एक कल दडलेला होता : ‘सी’ हा नियम, बाकीचे अपवाद. एखाद्या उघड्या पठारास ‘ई’ म्हणावे की ‘डीएस’, हे पाहणाऱ्याच्या पूर्वग्रहावर सुटत असे.

या कलाला पुण्या-मुंबईतून विरोध झाला, ही गोष्ट येथील अभ्यासकांनी विसरण्याजोगी नाही. माँपेलिये येथे ब्राँ-ब्लांके यांच्या परंपरेत तयार झालेले फरेदुन भरुचा यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत वनस्पतिसमुदायांचा अभ्यास रुजविला. हिमालयातील वनांवर काम करून पुण्यास आलेले जी. एस. पुरी यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘इंडियन फॉरेस्ट इकॉलॉजी’ या ग्रंथात खडक व माती यांना हवामानाच्या बरोबरीचे स्थान मागितले.

त्यांच्या बाजूचा पुरावा रानात सर्वत्र आहे. साग हेच उदाहरण घ्यावे. चुन्याचा अंश असलेली, निचऱ्याची, काळ्या पाषाणापासून बनलेली माती त्याला मानवते. पाणी धरून ठेवणाऱ्या चिकण मातीत तो माघार घेतो व ऐन पुढे येतो. उथळ, खडकाळ धारेवर सालईचे राज्य असते. जांभ्यात तर चुना धुपून गेलेला आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे उरलेली. तेथे साग खुरटतो. पाऊस न बदलता, केवळ टेकडीची धार, उतार व पायथा बदलल्याने एवढा पालट होतो.

कातळाविषयीचा निर्णायक पुरावा मात्र वनशास्त्राबाहेरून आला. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातील कशेळी व बारसू, तसेच रत्नागिरी तालुक्यातील उक्षी येथील सड्यांवर प्रागैतिहासिक मानवाने जांभ्यात खोदलेली प्रचंड चित्रे आहेत. कशेळीच्या हत्तीच्या आकृतीत इतर प्राण्यांची लहान चित्रे सामावली आहेत. ज्या जागी असे खोदकाम झाले ती जागा त्या काळी अरण्याखाली असणे शक्य नाही. अर्थात एक चित्र एका जागेचीच साक्ष देते, आणि काही आकृतींवर मागाहून मातीचा पातळ थरही चढला होता. तेवढी सावधगिरी हवी. दुसरी साक्ष वनस्पतींचीच. साताऱ्याजवळील पठारांवरील वायतुरा ही जलवनस्पती ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’ या नावाने १९८२ साली वर्णिली गेली. ती आणि तिच्यासारख्या अनेक जाती उत्तर सह्याद्रीच्या पठारांखेरीज आढळत नाहीत. पावसाळ्यात पाण्याखाली आणि वैशाखात तापलेल्या दगडावर तग धरण्याची ही सिद्धता काही शतकांच्या जंगलतोडीतून निर्माण होत नसते. २०१२ साली कास पठाराचा समावेश पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात झाला, तेव्हा उघड्या कातळाच्या या स्वतंत्र अस्तित्वाला प्रथमच मोठी मान्यता लाभली.

तरीही प्रत्येक उघडे पठार नैसर्गिकच, असा उलट अतिरेक टाळला पाहिजे. कातळाच्या काठची देवराई खोल मातीवर उभी असते, आणि तिच्यापलीकडे तशाच खोल मातीवर केवळ गवत असेल तर तेथे कुऱ्हाड, वणवा व चराई यांचाच शोध घ्यावा लागतो. खोली मोजल्याशिवाय निवाडा करता येत नाही. यासाठी लागणारे साधन मोजणी खात्यापाशी १८४७ पासून होते, ही त्यातील विसंगती.

कोकणच्या सड्यांवर या प्रश्नाचा एक प्रयोग शेतकऱ्यांनीच केला आहे. सुरुंग लावून कातळात खड्डे पाडले जातात, बाहेरून आणलेली माती त्यांत भरली जाते, पहिली काही वर्षे पाणी घातले जाते आणि हापूसचे कलम उभे राहते. पाऊस पूर्वीचाच असतो; उणीव मातीची होती, हे तेवढ्याने सिद्ध होते. त्या खड्ड्यांच्या जागी पूर्वी पावसाळ्यात काय फुलत होते, याची नोंद सातबाऱ्यात पोटखराबा एवढीच असते.