मर्मस्थानाची परीक्षा

आमच्या यवतमाळात ‘जिन’ म्हटले की सरकी काढण्याचा कारखाना. शास्त्रज्ञांचा जीन निराळा. त्याला मराठीत जनुक म्हणतात. पण जिनांतील कामगारांत आयुष्य घालविलेल्या मला एक प्रश्न दोहींकडे सारखाच दिसतो. कोणाचा हात थांबला म्हणजे सगळे थांबते? हजेरीचा कारकून आला नाही तरी रुई निघतेच. वाफेच्या काळात बॉयलरवाला आला नाही, तर एकही यंत्र हलत नसे.

क्षयाच्या जंतूला हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. कॉखने जंतू दाखविला १८८२ साली. आयसोनायझिड हे स्वस्त औषध १९५२ साली आले आणि कोंदट खोल्यांतल्या कष्टकऱ्यांना आशा वाटू लागली. ते जंतूला नेमके कोठे मारते, हे मात्र चाळीस वर्षे उलगडले नाही.

१९९२ साली कळले, की जंतूचेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, या औषधाला धार लावून देते. त्याचे जनुक गमावले तरी जंतू जगतो, आणि वर औषधाला जुमानत नाही! हा कारकून ठरला, तोही फितूर. १९९४ साली ‘इन्हा’ हे दुसरे जनुक सापडले. त्याचे विकर जंतूच्या मेणचट कवचाची स्निग्धाम्ले घडविण्यास लागते. हाच बॉयलरवाला काय?

जनुक काढून टाकून पाहावे म्हणाल, तर जंतू मेला की आपलाच हात चुकला, हे समजावे कसे? मेलेल्याची साक्ष घेता येत नाही. २००० साली अमेरिकेतील संशोधकांनी तोड काढली. क्षयजंतूच्या एका सहसा निरुपद्रवी भाऊबंदात त्यांनी असे बिघडलेले इन्हा घेतले, की त्याचे विकर कमी उष्णतेत चालावे आणि ४२ अंशांवर बंद पडावे. उष्णता वाढविली, आणि जंतू फुटून गेले.

ही नुसती प्रयोगशाळेतली करमणूक नव्हे. २०११च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूवर चालत नव्हते. अशांसाठी नवे मर्म हवे. जंतूला शक्ती पुरविणाऱ्या विकराची परीक्षा २००५ साली त्याच भाऊबंदात झाली. जनुकाची दुसरी प्रत आधी दिली, तेव्हाच मूळ प्रत काढता आली. याच विकरावर बेडाक्विलिन हे औषध घाव घालते. भारताच्या सरकारी कार्यक्रमात ते २०१६ साली आले, पण प्रथम मोठ्या शहरांतल्या मोजक्याच केंद्रांत.