अस्सल मोटार, तुटक कागद : येडशीच्या सीमेवरून
जुनी स्पोर्ट्स कार अस्सल आहे का, हे पाहताना आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर तपासतात. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेली जॅग्वार एक्सके १२० घ्या. तिचा चासी नंबर धातूच्या पट्टीवर असतो, तसाच चासीच्या पोलादातही ठोकलेला असतो. पट्टी काय, कोणीही नवी करून बसवील. खरी परीक्षा ठोकलेल्या अंकांची. आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या की संशय घ्यावा. सुरुवातीच्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची, म्हणून त्यांना मोल जास्त. लोहचुंबक इथे कामी येतो, पण बॉनेटवर नव्हे : नंतरच्या पोलादी गाड्यांचेही बॉनेट, दारे आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचेच होते. चुंबक मडगार्डला लावावा. तिथेही लांबीचा थर जाड असेल तर तो फसवतो.

कागदांचा माग याहून अवघड, मराठवाड्यात तर विशेष. सप्टेंबर १९४८ पर्यंत येडशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात होती; शेजारची बार्शी मात्र मुंबई प्रांताच्या सोलापूर जिल्ह्यात. बार्शीला निघालेली मोटार वाटेत सरकार बदलत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पुढे १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि जिल्ह्याला एमएच २५ हा क्रमांक मिळाला. इथल्या एका जुन्या गाडीवर, मग ती स्पोर्ट्स कार असो वा साधी फोर्ड, तीन राजवटींचे शिक्के असू शकतात. नंबर प्लेट बदलली म्हणून बिघडत नाही. आरसी बुकातल्या हस्तांतरांची साखळी जुळली पाहिजे आणि चासी नंबर प्रत्येक कागदावर तोच हवा. मालकाच्या आजोबांची गोष्ट ऐकायला छान असते, पुरावा म्हणून चालत नाही.

तरी कागद आणि लोखंड यांत वजन कोणाचे, हा वाद आहेच. १९२९ आणि १९३० ची ल माँ शर्यत जिंकलेल्या 'ओल्ड नंबर वन' या बेंटलीचे बरेचसे भाग पुढे बदलले होते. १९९० साली इंग्लंडच्या न्यायालयाने अखंड इतिहासाच्या आधारे तिचे नाव मान्य केले. भारताचा २०२१ चा व्हिंटेज नियम जास्त कडक आहे : गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षांची, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.