वाड्याची वाढ आणि माजघरातला उजेड

पुण्याच्या जुन्या वाड्यांविषयी लिहिताना दिंडी दरवाजा, महिरपी आणि कोरीव खांब यांचेच कौतुक फार होते. परंतु वाडा ही एकदा बांधून संपणारी वास्तू नव्हती. घरात सुना आल्या, हाती चार पैसे आले की दोन खण वाढत, मागे आणखी एक चौक पडे. खुद्द शनिवारवाडाही असाच वाढला. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्या पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. दिवाणखाने, कारंजी, नवे महाल ही पुढील पेशव्यांची भर. १८२८ च्या आगीत लाकूडकाम गेले. तट आणि दगडी जोती मात्र राहिली, ती आपल्या बहुतेक भगिनींनी पाहिली असतील.

अशी वाढ सुलभ होई याचे कारण बांधणीतच आहे. दगडी जोत्यावर तळखडे, त्यांवर सागवानी खांब, वर तुळया आणि कडीपाट. भार मुख्यतः या सांगाड्यावर असे. मधल्या भिंती आडोशापुरत्या. दोन खांबांमधील जागा म्हणजे खण, आणि सुतार-गवंडी खणांच्याच हिशेबाने बोलत. म्हणून मधली भिंत काढली तरी वरचा मजला जागचा हलत नसे.

हे सारे खरे. पण या वाढीत एक गोष्ट मला नेहमी खटकते. पैसा आला की आधी दिवाणखाना सजे. स्वयंपाकघर मागच्या चौकाच्या अंगाला, धुरात. माजघर मध्यभागी, भर दुपारी काळोखे. आणि बाळंतिणीची खोली तर वारा लागू नये म्हणून मुद्दामच कोंदट. ज्यांचा सारा दिवस घरात जाई त्यांच्या वाट्याला उजेड सर्वांत कमी! १८९६ नंतर प्लेग आला, तेव्हा मुंबई इलाख्यात रोग झालेल्या घरांची कौले उतरवून आत ऊन घेत. कित्येक माजघरांना सूर्यदर्शन घडले ते असे, आणि अशा निमित्ताने. पुढे मंगलोरी कौले आली, त्यांत चुलीवर एखादे काचेचे कौल बसू लागले. सुधारणा लहान, पण तिचे मोल भाकरी थापणारीने जाणले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. त्यानंतर अनेकांनी वाड्याची आशा सोडली. ज्यांनी सोडलेली नाही, त्यांना आता वास्तुविशारदाचा सल्ला मिळतो, ही चांगली गोष्ट. मात्र मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू देऊ नये. आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत पोखरते व लाकडाची टोके कुजतात. तेथे चुनाच हवा. तसेच न्हाणीघरासाठी चौक झाकून टाकण्याची सूचना आली तर तीही मानू नये. घराचा वारा त्या चौकातूनच खेळतो.

नकाशाची बोलणी मात्र अजूनही पुढच्या खोलीत, चहा घेता घेता होतात. नकाशा काढण्यापूर्वी त्या गृहस्थांना माजघरात न्यावे, आणि दुपारी बारा वाजता दिव्याचे बटण बंद करून दाखवावे.