वेष आणि वळण

वेष बदलता येतो, भाषा शिकता येते. अंगवळणी पडलेल्या गोष्टी मात्र सहसा लपत नाहीत. गडवा ओठांस न लावता वरून पाणी पिणारा मनुष्य आणि पेला तोंडाला लावणारा मनुष्य, दोघांचेही मूळ पहिल्या घोटातच उघडे पडते. घरच्या पंगतीत अशी चूक झाली तर फार तर थट्टा होते. परंतु एकोणिसाव्या शतकात मक्का किंवा ल्हासा यांसारख्या, परक्यांना बंद असलेल्या नगरांत जे वेषांतर करून शिरले, त्यांच्या जिवाची मदार अशाच बारीकसारीक वळणांवर होती.

योहान लुडविग बर्कहार्ट हा स्विस तरुण १८०९ साली सीरियात उतरला तो हिंदी मुसलमान व्यापाऱ्याचे सोंग घेऊन. सोबतच्या काफिल्यातील लोकांना संशय आला आणि त्यांनी त्याला हिंदुस्थानची भाषा बोलून दाखवण्यास सांगितले. बर्कहार्टने आपल्या मायदेशातील अत्यंत रांगड्या जर्मन बोलीत काही वाक्ये फेकली. ती कुणालाच कळली नाहीत, आणि म्हणूनच सर्वांचे समाधान झाले! पण पुढे अंताकिया येथे प्रसंग याहून बिकट आला. तेथील आगाच्या दुभाष्याने थट्टेने त्याची दाढी धरली आणि असले काही का वाढवले आहेस, असे विचारले. बर्कहार्टने त्याच्या थोबाडीत भडकावली. दाढीला हात लावणे हा मुसलमान पुरुषाचा घोर अपमान. तेथे क्षणभर हसून किंवा गोंधळून उभा राहता, तर सोंग तत्क्षणी उतरले असते. बघ्यांचे हसू उलट दुभाष्यावरच गेले. कोठे बोलावे हे पुस्तकात सापडते. कोठे रागवावे, आणि तेही किती तत्काळ, हे त्या समाजात दीर्घकाळ वावरल्याखेरीज कळत नाही.

या विद्येचा सर्वांत चोखंदळ अभ्यासक म्हणजे रिचर्ड बर्टन. १८४२ साली मुंबईस उतरलेला हा इंग्रज अधिकारी बडोद्याच्या छावणीत राहिला आणि हिंदुस्थानी, गुजराती व मराठी या भाषांच्या परीक्षा उत्तीर्ण झाला. १८५३ साली तो हज यात्रेकरूच्या वेषात मक्केस निघाला, तेव्हा इंग्लंडहून सुटलेल्या आगबोटीवरच त्याने आपला मुसलमानी दिनक्रम सुरू केला. त्या प्रवासाच्या वृत्तांतात त्याने हिंदी मुसलमान पाणी कसा पितो याचे वर्णन केले आहे. युरोपीय माणसाच्या दृष्टीने क्षुल्लक असलेल्या या एका क्रियेत त्याला पाच निरनिराळे विशेष दिसले. पेला शत्रूचा गळा आवळावा तसा धरायचा. ओठ भिजण्यापूर्वी अल्लाचे नाव घ्यायचे. पाणी चाखत न बसता घटाघटा गिळून शेवटी तृप्तीचा हुंकार द्यायचा. पेला खाली ठेवण्यापूर्वी अल्लाची स्तुती करायची. आणि सोबत्याने सौजन्याचे शब्द उच्चारले की त्याला ठरलेले उत्तर द्यायचे. यांपैकी एक दुवा निखळला तरी शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी खटकणार. काय खटकले हे त्यालाही कदाचित सांगता येणार नाही.

इतकी तयारी असूनही बर्टनने एका गोष्टीचा मोह टाळला. आपण अस्सल अरब आहोत असे तो म्हणाला नाही. सिंधमध्ये असताना तो अर्धा अरब व अर्धा इराणी असा बुशहरचा व्यापारी बनत असे, म्हणजे उच्चारांतील दोष त्या दुहेरी कुळाच्या माथी मारता येत. इजिप्तमध्ये हाजी वली नावाच्या स्नेह्याने त्याला बजावले की, इराणी म्हणवशील तर इकडे शिव्या खाशील आणि अरबस्तानात मार. तेव्हा बर्टन हिंदुस्थानात जन्मलेला पठाण झाला. त्याच्या प्रत्येक चुकीला आता हिंदुस्थानचा दूरचा मुलूख जबाबदार होता. शेवटी धोका आला तो सवयीतून नव्हे, सामानातून. सुएझ येथे सोबत्यांच्या दृष्टीस त्याचे सेक्स्टंट यंत्र पडले आणि मक्केच्या एका चलाख पोराने हा हिंदुस्थानातला काफिर आहे असे बोलून दाखवले. इतरांनी मुलाला गप्प केले, कारण बर्टनने धर्मशास्त्रावर लिहिलेले पत्र त्यांतील एकाने वाचले होते. बर्टनने यंत्र मागे ठेवले आणि आठवडाभर पाचही वेळचा नमाज चुकू दिला नाही.

बर्टनची कीर्ती जगभर झाली. त्याच्याहून कितीतरी अवघड काम करणारा नैन सिंग रावत मात्र सर्वेक्षण खात्याच्या कागदांत दीर्घकाळ केवळ ‘पंडित’ म्हणून वावरला. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचा हा शाळामास्तर. डेहराडून येथे त्याला एकसारख्या लांबीची पावले टाकण्याचे शिक्षण मिळाले. चढ असो वा उतार, मैलाला २,००० पावले. हातात जपमाळ, शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. बौद्धांच्या माळेत १०८ मणी असतात, नैन सिंगच्या माळेत १०० होते. कोणी भाविकाने ती माळ हातात घेऊन मोजली असती तर सारा मामला आटोपला असता. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी मोजणीचे चिटोरे होते. सेक्स्टंट पेटीच्या चोरतळाखाली होता. पवित्र वस्तूंना नाक्यावरचे अधिकारी हात लावत नाहीत, हे तिबेटी वळण मात्र ही योजना आखणाऱ्यांनी अचूक हेरले होते.

मिलमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पश्चिम तिबेटात व्यापारासाठी जात. भाषा व चालीरीती नैन सिंगला परक्या नव्हत्या. तरीही १८६५ साली नेपाळमार्गे जाताना किरोंगच्या वाटेवर त्याला व त्याचा भाऊबंद मणी सिंग याला अडवण्यात आले. आपण बशहरचे लोक, घोडे खरेदी करण्यास व देवदर्शनास चाललो आहोत, अशी त्यांची कथा होती. कथा ठीक होती, पण घोड्यांसाठी त्या वाटेने आणि त्या दिवसांत कोणी जात नसे. तेथल्या माणसाला नुसते ‘काय’ ठाऊक असून भागत नाही. कोणत्या ऋतूत, कोणत्या रस्त्याने, हेही ठाऊक असावे लागते. शिवाय किरोंगचा अधिकारी मणी सिंगला पूर्वीपासून ओळखत होता. दोघे परतले. नैन सिंगने मग खोटी वेणी जोडून लडाखी व्यापाऱ्याचा वेष घेतला, त्या वर्षी ल्हासास गेल्यास प्राणास मुकेन असे लिहून दिले, आणि एका लडाखी काफिल्याबरोबर १८६६ च्या जानेवारीत ल्हासा गाठले.

तेथे तो तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला. पैसे संपत आले तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिंदुस्थानी पद्धतीचा हिशेब शिकवून त्याने गुजराण केली. बालवयातील दलाई लामांच्या दर्शनालाही तो गेला. लामांनी नेहमीचे कुशलप्रश्न विचारले आणि तो सुखरूप बाहेर आला. मात्र परवानगीवाचून नगरात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात झालेला शिरच्छेद त्याने पाहिला, आणि एके दिवशी किरोंगचा तोच अधिकारी रस्त्यात दिसला. त्यानंतर त्याने बिऱ्हाड बदलले आणि बाहेर पडणे जवळजवळ सोडले.

तिबेटी अधिकाऱ्यांचा संशय निराधार होता असे म्हणता येत नाही. नैन सिंग शूर होता, पण ज्यांच्या मुलखाची तो पावलांनी मापे घेत होता त्यांच्या दृष्टीने तो हेरच होता. १९०४ साली यंगहजबंडबरोबर ब्रिटिश फौज ल्हासात शिरली, तेव्हा अशा पंडितांनी चोरून मोजलेल्या तिबेटचे नकाशे इंग्रजांच्या हाती कधीच आलेले होते. स्वतः नैन सिंगला १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

ल्हासाच्या मुक्कामात त्याला ओळखले ते तिबेटी लोकांनी नव्हे. नाक्यावरचे शिपाई, मठातील भिक्षू, खुद्द लामा, कोणालाही त्याच्यात वावगे दिसले नाही. लडाखकडचा माणूस थोडा निराळा वागायचाच, असे ते धरून चालत. त्याचे सोंग पकडले दोघा काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी. त्यांचे समाजबांधव पिढ्यान्‌पिढ्या ल्हासात राहून तिबेटी बोलत, आणि तरीही परकेच समजले जात. दुसऱ्यांच्या गावात राहताना कसे बसावे, कोणापुढे किती वाकावे, याचा विचार ज्यांना रोज करावा लागे, त्यांच्याच डोळ्यांना तोच विचार करणारा दुसरा मनुष्य दिसला. त्यांनी त्याला पकडून दिले नाही. त्याचे घड्याळ तारण ठेवून घेतले, थोडे पैसे दिले, आणि गोष्ट आपल्यापाशीच ठेवली. एप्रिलमध्ये नैन सिंगने ल्हासा सोडले आणि पावले मोजीत पश्चिमेची वाट धरली.