काचेचा सेंट आणि भोकाचा पैसा

आमच्या आजीने माझ्या करगोट्यात भोकाचा पैसा ओवला होता. नाण्याला भोक कशाला, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुढे नाण्यांचा नाद लागला तेव्हा उत्तर मिळालं : युद्ध.

दुसऱ्या महायुद्धात तांबं हवं होतं काडतुसांना आणि तारांना. अमेरिकेचा सेंट जवळजवळ सगळा तांब्याचा. म्हणून १९४२ साली तिथल्या टांकसाळीने खासगी कारखान्यांना पर्याय शोधायला सांगितलं. प्रयोगासाठी वेगळे ठसे दिले. त्यांवर लिंकनऐवजी स्वातंत्र्यदेवीचं मुख होतं. कुणी प्लॅस्टिकचे सेंट केले. टेनेसीतल्या ब्लू रिज ग्लास कंपनीने तर चक्क काच तापवून तिच्यावर छाप उठवला! पण कडा धारदार, वजन कमी-जास्त, छाप पुसट.

शेवटी १९४३ मध्ये जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी सेंट निघाले, १०० कोटींहून जास्त. रंगामुळे लोक त्यांना दहा सेंटचं नाणं समजून फसत. वर गंज चढे. वर्षभरातच प्रकार आटोपला. १९४४ पासून पुन्हा तांब्याचे सेंट आले.

आपल्याकडेही सुट्ट्यांची बोंब होतीच. बिकानेर, नवानगर, मोरवी या संस्थानांनी पुठ्ठ्याची कुपनं काढली. आणि १९४३ पासून भोकाचा पैसा आला. वजन आधीच्या पैशाच्या निम्म्याहून कमी, किंमत तीच. काच-पोलादापेक्षा ही युक्ती सरस ठरली. तो १९४७ पर्यंत निघत राहिला.

हे सगळं वाचताना मला माझा काउंटर आठवतो. सुट्टे नव्हते, म्हणून एका म्हाताऱ्या पेन्शनर बाईंचे चाळीस पैसे मी दिले नाहीत. "राहू द्या हो आजी," म्हणालो. पुढच्या महिन्यात त्यांनी पासबुक पुढे सरकवलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, मागचे चाळीस पैसे?" मी खिशातून आठ आणे काढून दिले. त्यांनी पिशवीतून दहा पैसे शोधून मला परत केले.

ऐन लढाईत सरकारं एका सेंटासाठी काच का वितळवत होती, ते त्या दिवशी कळलं. शेवटचा पैसासुद्धा कुणाचा तरी असतो. आपल्या सोसायटीचा हिशेब पंचवीस वर्षं पैशापर्यंत जुळवणाऱ्या सर्व खजिनदारांना म्हणूनच माझा नमस्कार!