थ्री नॉट थ्रीवरचा शिक्का

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा मोमिनाबादला पोहोचल्या, तेव्हा तिथं निजामाच्या थ्री गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रं खाली ठेवली. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि बीड जिल्हा हैदराबाद संस्थानातून भारतात आला. त्या दिवसांनी मराठवाड्याला ज्या अनेक गोष्टी दिल्या, त्यातली एक म्हणजे "रझाकाराच्या वेळची बंदूक". कुणाच्या आजोबांनी ती हिसकावलेली असते, कुणी विहिरीत टाकलेली असते, कुणी पोलिसांत जमा केलेली असते. गोष्टी खोट्या असतात असं नाही. पण गोष्टीतली बंदूक समोर आली, तर तिला स्वतःला काय म्हणायचंय हेही ऐकावं. ती बरंच बोलते.

बहुतेक वेळा ही बंदूक म्हणजे ली-एनफील्ड, आपली थ्री नॉट थ्री. बोल्टच्या खाली, जिथं लाकडी दस्ता सुरू होतो, तिथं एक पोलादी कडं असतं. त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं असतं. तिथं 'बीएसए' दिसलं तर दचकू नका. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स म्हणजे सायकलवाली बीएसए तीच. आधी बंदुका, मग सायकली. रॉयल एनफील्ड बुलेटचं नावही एनफील्डच्या सरकारी बंदूक कारखान्यावरूनच आलं. 'ईशापूर' असेल तर रायफल बंगालातली.

आता गोष्टीची परीक्षा. मुकुटाखाली 'जीआरआय' आणि १९४२ असेल, तर ती १९४८ मध्ये मोमिनाबादला असू शकते. असू शकते, एवढंच. अशा लाखो रायफली निघाल्या. मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आरएफआय' असेल, तर मात्र विषय संपला. ही बंदूक प्रजासत्ताकाची आहे, तिनं रझाकार पाहिलेला नाही. मागच्या साइटवर २००० यार्डांऐवजी ८०० मीटरपर्यंतचेच आकडे असतील, तर ती १९६२ च्या चीन युद्धानंतरची, ७.६२ मिलीमीटरची ईशापूर. आणि राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं असून साल १९१९ असेल, तर ती खैबरच्या बाजूला गावठी कारागिरांनी केलेली नक्कल. राणी १९०१ मध्येच वारली होती, हे त्या कारागिराला कुणी सांगितलं नसावं. बनावट सनद जशी शिक्क्यात फसते, तसंच हे.

शिक्क्यानंतर नंबर. परदेशातले संग्राहक इथं फार हळवे होतात. नळी, बोल्ट, साइट, पुढची टोपी, सगळ्यांवर एकच नंबर असेल तर रायफल 'मॅचिंग', म्हणजे अस्सल, किंमत वाढते. बोल्टवरचा जुना नंबर खोडून नवा ठोकलेला दिसला की नाक मुरडतात. भारतातून परदेशी बाजारात गेलेल्या रायफलींवर अशा खोडाखोडी भरपूर आढळतात. पुढच्या लाकडात मजबुतीसाठी आडवा मारलेला स्क्रू आढळतो, त्याला तिकडे 'ईशापूर स्क्रू' असंच नाव पडलंय. काहींच्या पुढच्या भागावर तार गच्च गुंडाळलेली असते. त्या रायफलीवर पेला बसवून हातबॉम्ब फेकत, आणि त्या धक्क्यानं लाकूड फुटू नये म्हणून तार.

संग्राहकाच्या वहीत हे सगळे दोष. मला हा हिशेब उलटा वाटतो. ज्या रायफलीचा एकही भाग बदललेला नाही, ती बहुधा फार वापरलीच गेली नाही. आपल्याकडे एकच हत्यार राजाच्या फौजेत, मग दुसऱ्या महायुद्धात, मग राज्याच्या पोलिसांत असं पन्नास-साठ वर्षं चाललं. ते चाललं ते आर्मररच्या फाइल-हातोडीवर. तो खोडलेला नंबर म्हणजे त्या माणसाची सही.

शेवटी नळी. बोल्ट काढायचा, मॅगझिन आणि कोठी रिकामी असल्याची खात्री करायची, आणि मागून उजेडाकडे धरून पाहायचं. आत डावीकडे वळत गेलेल्या पाच खाचा स्वच्छ दिसल्या तर नळी चांगली. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनांचा क्षार नळीत राही आणि पाणी ओढून गंज धरी, म्हणून गोळीबारानंतर आत उकळतं पाणी ओतायची शिस्त होती. ज्यानं आळस केला त्याच्या नळीत खड्डे पडले. पुलथ्रूची दोरी वाकडी ओढणाऱ्यानं तोंडाशी एका बाजूला घासण करून ठेवली. शिपायाचा स्वभावही तिथं उमटतो.

कधीकधी मात्र आत खाचाच नसतात. नळी आरशासारखी गुळगुळीत, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. नवखा माणूस म्हणेल, झिजून गेली. तसं नाही, ती मुद्दाम तशी केलेली असते. ही .४१० ची मस्केट. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी थ्री नॉट थ्रीचीच केलेली, एका वेळी एकच गोळी घेणारी. जमावानं हिसकावली तरी लष्करी काडतूस तिच्यात चालू नये, हा हेतू.

ही युक्ती जुनी. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी एनफील्डच्याच धर्तीची, पण खाचा नसलेली नळी काढली. बाहेरून रायफल, आतून साधी बंदूक. लांबवर नेम धरायचा तर गोऱ्या शिपायानंच. पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा हिंदी पलटणींच्या हाती त्यांची जुनी स्नायडर आली. शिपाई आपला, पण भरवसा अर्धाच. हे धोरण कागदांत शोधावं लागतं. नळीत ते डोळ्याला दिसतं.

इंग्रज गेल्यावर अविश्वास गेला असेल, जुनं हत्यार राहिलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटीवर पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री होत्या. दर गोळीला बोल्ट ओढायचा, आणि समोर एके-४७. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर या रायफलीला समारंभानं निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० ला. संग्राहक ज्या म्हातारपणाला मोल देतो, तेच म्हातारपण त्या रात्री फलाटावर उभ्या शिपायाच्या खांद्यावर होतं.

आपल्याकडे हा छंद सामान्य माणसाला नाहीच. .३०३ आणि ७.६२ ही दोन्ही मापं शस्त्र नियमांत निषिद्ध. परवान्यावर मिळणारी .३१५ ची रायफल त्यातूनच आली; बांधा तोच, पण लष्करी गोळी चालू नये म्हणून माप वेगळं. म्हणून घरातल्या माळ्यावर खरंच काही सापडलं तर फोटो टाकू नका, पोलीस ठाण्यात कळवा.

कायदेशीरपणे हाताळायचीच तर एक जागा आहे. कॉलेजात एनसीसी केली असेल, तर परेडला मिळणारी जड रायफल आठवा. 'डीपी' अक्षरं म्हणजे ड्रिल पर्पज. कोठीला भोक पाडून ती निकामी केलेली असते. पुढच्या परेडला उस्तादांना विचारून बोल्टखालचं ते कडं अंगठ्यानं पुसा आणि साल वाचा.