युद्धकाळातील मजूर भरती : शांतुंग ते मुंबई बंदर
पहिल्या महायुद्धात 1916 साली ब्रिटन व फ्रान्स यांना आघाडीमागील कामांसाठी माणसे अपुरी पडू लागली. चीन तेव्हा तटस्थ होता. त्यामुळे सैनिकांऐवजी करारावरील मजूर नेण्याची वाट काढण्यात आली. ब्रिटिशांनी, मुख्यतः शांतुंग प्रांतातील, 90 हजारांहून अधिक चिनी मजूर भरती केले. करार तीन वर्षांचा, रोजची मजुरी एक फ्रँक.

1917 मध्ये हीच मागणी हिंदुस्थानाकडे आली. फ्रान्ससाठी सुमारे 50 हजार मजूर उभे करण्यात आले; त्यांत छोटा नागपूरचे आदिवासी, नागा आणि मिझो होते. ईशान्येकडील तुकड्या रेल्वेने मुंबईला येऊन तेथून जहाजाने निघाल्या. या मजुरांनी लढायचे नव्हते, परंतु रस्ते, रेल्वेमार्ग व लाकूडतोडीची कामे युद्धभूमीलगतच चालत. शिवाय भरती सर्वत्र स्वखुशीची नव्हती. मयूरभंज संस्थानात संथाळांनी तिला विरोध केला. मणिपूरच्या डोंगरांत कुकींचा उठाव 1917 पासून 1919 पर्यंत चालला.

हिंदी मजुरांचा करार वर्षाचा असल्याने बहुतेकजण 1918 मध्ये परतले. चिनी मजूर मात्र युद्ध संपल्यावरही खंदक बुजविण्यासाठी आणि मृतांच्या दफनासाठी थांबले. फ्रान्समधील नॉयेल-सुर-मेर येथे त्यांच्या आठशेहून अधिक कबरी आहेत.